फास्टर फेणेचे भा. रा.

पाचवीत मला वाचनाचा किती कंटाळा होता, हे आपल्या बॅचला वेगळं सांगायला नको. अवांतर वाचनाच्या तासाला मी खिडकीतून पूर्णा जंक्शनकडे जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजायचे. एक दिवस बाईंनी कपाटातलं एक जुनं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. त्यात सायकलवरच्या एका हाडकुळ्या मुलाचं चित्र होतं. त्या तासाला डबे मोजायचे राहिले. लेखकाचं नाव बघायचंही राहिलं.

ते लेखक म्हणजे भास्कर रामचंद्र भागवत. 31 मे 1910 रोजी इंदूरला त्यांचा जन्म झाला. बेचाळीसच्या चळवळीत ते उतरले, तुरुंगवास सोसला. पुढे ‘बालमित्र’ हे मुलांचं मासिक चालवलं. पत्नी लीलाताईही मुलांसाठी लिहीत. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ त्यातलीच.

पण घराघरांत पोहोचला तो बनेश ऊर्फ फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा मुलगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल सुसाट हाणतो आणि ‘ट्टॉक’ करत संकटात उडी घेतो. वीसेक पुस्तकांत तो प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत पोहोचला. तो पैलवान नाही, त्याच्याकडे जादूही नाही. चौकस नजर आणि चपळ पाय, एवढंच भांडवल. म्हणून तो आपल्याच वर्गातला वाटायचा. छोटी वाक्यं, भरपूर संवाद, मधूनच एखादं चित्र. दमलेला वाचक तिथे श्वास घ्यायचा आणि पुढचं पान उलटायचा. कंटाळणाऱ्या मुलाला भागवतांनी कधी कमी लेखलं नाही.

27 ऑक्टोबर 2001 रोजी ते गेले. दूरदर्शनच्या मालिकेनंतर 2017 मध्ये बन्या मोठ्या पडद्यावरही आला.

आता एक कबुली. बाबांची बदली झाली तेव्हा शाळेचं ते पुस्तक आमच्या सामानात बांधलं गेलं आणि तीस वर्षं माझ्याकडेच राहिलं. मेळाव्याला ते परत आणायचं ठरवलं होतं, सोबत ग्रंथालयासाठी पूर्ण संचही. पण मराठी वाचायला कायम टाळाटाळ करणाऱ्या माझ्या मुलाने परवा ते बॅगेतून काढलं आणि अजून खाली ठेवलेलं नाही. बाई, संच घेऊन येतेय. त्या पुस्तकाला मात्र अजून चार दिवसांची मुदत द्या.