लक्ष्मीबाई टिळक : आठवणी कोणाच्या?

‘स्मृतिचित्रे’ हाती घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) लिहावयास बसल्या, त्या स्वतःचे चरित्र सांगण्यासाठी नव्हे. कवी नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले. त्यांचे चरित्र लिहू पाहणाऱ्या देवदत्तांना, म्हणजे त्यांच्या पुत्राला, आईच्या आठवणी साधनसामग्री म्हणून हव्या होत्या. लक्ष्मीबाई त्या पुरविणाऱ्या साक्षीदार होत्या.

परंतु नाशिकजवळच्या जलालपुरातील बालपण सांगतानाच साक्षीदाराची भूमिका सुटू लागते. वडिलांचे सोवळ्याचे वेड, अकराव्या वर्षीचे लग्न, पतीचा लहरी स्वभाव, न सांगता घर सोडून जाणे, हे सारे त्या थट्टेच्या सुरात सांगतात. या सुराला अनेकजण भाबडेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या प्रसंगी रडणे स्वाभाविक ठरले असते, तेथे हसणाऱ्या निवेदिकेने हा सूर जाणीवपूर्वक निवडलेला आहे.

१८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढील काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. येथे सूर पालटतो. विनोद पुरता आटत नाही. पण त्याखाली आता एका स्त्रीचा विचार चाललेला दिसतो. जात माणसांनीच निर्माण केली, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने येतात. पतीच्या आज्ञेने नव्हे. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या आंतरिक प्रवासानंतर. पतीच्या चरित्रासाठी सांगितलेल्या आठवणी या भागात सर्वस्वी त्यांच्या स्वतःच्या होतात.

येथे एक भाषिक बाब सुचवावीशी वाटते. त्या पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा आदरार्थी बहुवचनाने करतात. पतीचे नाव न घेण्याची रीत पाळली जाते, आदरही राहतो. शिवाय नवऱ्याकडे एक स्वतंत्र पात्र म्हणून पाहण्याइतके अंतर निर्माण होते. हे अंतर नसते, तर त्या त्यांची इतकी मोकळी थट्टा करू शकल्या असत्या का, याचा विचार करा.

टिळकांच्या निधनानंतरच्या आठवणींत ही थट्टा करायला समोर कोणी उरत नाही. तरी लेखणी थांबत नाही. पुढे कराचीतील दिवसही येतात. ज्याच्या चरित्रासाठी प्रारंभ झाला, तो गेल्यानंतरचेही आयुष्य सांगण्याजोगे आहे, हे लेखिकेने आता गृहीत धरलेले असते. १९३४ पासून ग्रंथाचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. चौथा भाग अपुरा असतानाच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. तो देवदत्तांनी पूर्ण केला. वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागणाऱ्या मुलाला अखेरीस आईच्या आत्मचरित्राचा शेवट लिहावा लागला.