टायर मोठे टाकले की मीटर चुकतं. हा हिशोब १८४७ मध्ये एका कारकुनाने चाकाला फडकं बांधून मांडला होता

जीप असो, पिकअप असो नाहीतर बुलेट, गाडी घेतली की काही दिवसांत पहिला खर्च ठरलेला असतो. मोठे टायर. गाडी उंच दिसते, रुबाब येतो. आणि पुढच्याच महिन्यात तक्रार सुरू होते, की ॲव्हरेज पडलं राव. गॅरेजवाला सांगतो, टायर जड आहेत, पडणारच. तो खोटं बोलत नसतो, पण अर्धीच गोष्ट सांगत असतो.

उरलेली अर्धी गोष्ट कळायला विल्यम क्लेटन नावाचा माणूस माहीत असायला हवा. अमेरिकेत हा गडी एका भक्तिगीतासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या कामाचं मात्र त्याचं दुसरंच काम आहे. त्याने बैल आणि घोडे जुंपलेल्या गाडीचं चाक किती वेळा फिरलं हे दिवसभर मोजलं. तोंडी, एक एक करून.

क्लेटनचा जन्म १७ जुलै १८१४ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या पेनवर्थम गावचा. शेजारी प्रेस्टन, म्हणजे कापड गिरण्यांचा मुलूख. वडील शिक्षक होते. पोराचं अक्षर चांगलं, हिशोब पक्का आणि व्हायोलिनवर हात बसलेला. त्यामुळे त्याला कारखान्यात हिशोबनिसाचं काम मिळालं. १८३७ मध्ये अमेरिकेतून मॉर्मन पंथाचे पहिले प्रचारक या भागात आले आणि त्याच वर्षी क्लेटन त्यांच्या पंथात गेला. १८४० मध्ये बायकापोरांसह लिव्हरपूलहून जहाजाने त्याने थेट अमेरिका गाठली.

तिथे त्याने आधी शेती करून पाहिली. ती काही जमली नाही. शेवटी लेखणीच कामाला आली. १८४२ मध्ये इलिनॉयमधल्या नॉवू शहरात तो पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा कारकून झाला. पत्रं लिहायची, नोंदी ठेवायच्या, पैशाचा हिशोब बघायचा. पण १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात घुसून स्मिथला ठार मारलं आणि १८४६ च्या थंडीत मॉर्मन लोकांना नॉवू सोडून बाहेर पडावं लागलं.

याच वाटेवर आयोवातल्या चिखलात १५ एप्रिल १८४६ रोजी त्याला बातमी कळली, की मागे राहिलेल्या डायान्था या बायकोला मुलगा झालाय. त्या आनंदात त्याने एका जुन्या चालीवर ‘कम, कम, ये सेंट्स’ हे गीत लिहिलं. मॉर्मन लोक आजही ते जगभर गातात. त्याचं नाव टिकलं ते यामुळेच.

अंतराचं भांडण

एप्रिल १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी पश्चिमेकडे निघाली. १४३ पुरुष, ३ बायका, २ मुलं आणि सत्तरेक गाड्या. निघाले विंटर क्वार्टर्समधून, म्हणजे आजच्या ओमाहाजवळून. जायचं होतं रॉकी पर्वताच्या पलीकडे. पण हे लोक फक्त स्वतःसाठी चाललेले नव्हते. मागून हजारो माणसं याच वाटेने येणार होती. पाणी कुठे आहे, गवत कुठे आहे, ओढा कुठे ओलांडायचा आणि तिथपर्यंत किती मैल आहेत, हे त्यांच्यासाठी लिहून ठेवायचं होतं.

नोंदी ठेवायचं काम अर्थातच क्लेटनकडे आलं. आणि त्याची पंचाईत इथेच झाली.

रोज संध्याकाळी मुक्काम पडला की आज किती मैल आलो यावर चर्चा व्हायची. कुणी तेरा म्हणायचं, कुणी चौदा. प्लॅट नदीच्या काठचं ते सपाट माळरान, ना गाव, ना झाड, ना मैलाचा दगड. दमलेल्या माणसाला वाट नेहमीच जास्त वाटते. क्लेटनला संशय होता, की सगळेच जण अंतर फुगवून सांगतायत. आता विचार करा, मागून येणाऱ्या गाडीवानाच्या हातातल्या कागदावर पाणी कुठे आहे याचा आकडाच चुकलेला असेल, तर त्याने बैल कुठल्या हिशोबाने हाकायचे?

यावर उपाय म्हणून त्याने एका गाडीचं मागचं चाक मोजलं. घेर भरला १४ फूट ८ इंच. एक मैल म्हणजे ५,२८० फूट. भागाकार केला तर उत्तर आलं बरोबर ३६०. म्हणजे चाक ३६० वेळा फिरलं की एक मैल झाला. एवढा गोल आकडा निघणं हे निव्वळ नशीब होतं. चाक दोन इंच लहान असतं तर हिशोब अपूर्णांकात अडकला असता.

मग त्याने चाकाच्या आऱ्याला तांबडं फडकं बांधलं. ८ मे १८४७ ला तो गाडीसोबत चालत राहिला. फडकं वर आलं की एक, पुन्हा वर आलं की दोन. आजूबाजूला गवे इतके, की माळ काळा दिसत होता. लोक ते बघत होते आणि हा माणूस चाकाकडे. संध्याकाळी आकडा आला ४,०७०. म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर २० फेरे.

लोकांचा अंदाज त्या दिवशीही तेरा-चौदाचाच होता. म्हणजे दर अकरा मैलांमागे दोन-अडीच मैल हवेतले.

लाकडी मीटर

चाक मोजत चालणं हे काही रोजचं काम होऊ शकत नाही. पुढचे काही दिवस त्याने ते केलं, पण मोजायचं यंत्र करता येईल हे तो आधीपासून बोलत होता. यंगच्या सांगण्यावरून तुकडीतला गणिती ऑर्सन प्रॅट याने आराखडा काढला. आराखडा साधा होता. चाक सहा वेळा फिरलं की एक मळसूत्र एकदा फिरणार. ते मळसूत्र ६० दात्यांच्या चक्राला दर फेऱ्याला एक दाता पुढे ढकलणार. सहा गुणिले साठ, झाले तीनशे साठ. चक्राचा एक फेरा म्हणजे एक मैल.

तुकडीतल्या ॲपलटन हार्मन या सुताराने थोडेफार बदल करून हे यंत्र लाकडात घडवलं. ते पाव-पाव मैल मोजत दहा मैलांपर्यंत जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. क्लेटन सुटला. पण यंत्राचं सगळं श्रेय हार्मन स्वतःकडे घेतोय, असं वाटून तो चिडलाही. डायरीत त्याने ते नोंदवून ठेवलंय. खरं सांगायचं तर कल्पना एकाची, गणित दुसऱ्याचं आणि हात तिसऱ्याचा असं हे काम होतं. आणि कल्पना तरी नवी कुठे होती? रोमन लेखक व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी अशाच यंत्राचं वर्णन केलंय. त्याचं चाक चार फूट व्यासाचं होतं आणि ४०० फेऱ्यांना एक रोमन मैल.

आता नीट बघा. प्रॅटच्या यंत्राला मैल कळतच नव्हता. त्याला फक्त फेरे कळत होते. एका फेऱ्यात १४ फूट ८ इंच जमीन कापली जाते हे गृहीत धरून दाते पाडलेले. समजा वाटेत चाक मोडलं आणि त्या जागी १५ फूट घेराचं चाक बसवलं. यंत्र तरीही ३६० फेऱ्यांनाच मैल म्हणणार. पण प्रत्यक्षात गाडी ५,४०० फूट पुढे गेलेली असणार. यंत्राने १,००० मैल दाखवले तर खरे झालेले असणार जवळपास १,०२३. हे २३ मैल म्हणजे गाड्यांची दीड-दोन दिवसांची चाल.

चाक बदलायलाच हवं असंही नाही. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ऊन लागलं, लाकूड आकसलं की धाव ढिली होते, मग चाक पाण्यात ठेवायचं नाहीतर धाव काढून पुन्हा बसवायची. धाव कापून आवळली की घेर कमी होतो. त्या वाटेवर चालणाऱ्या गाड्यांचीही हीच रड होती.

तुमच्या गाडीचं मीटर तेच करतंय

कंपनीतून आलेल्या गाडीचं मीटरही फेरेच मोजतं. दाते लाकडाचे नाहीत, सेन्सर आहे, एवढाच फरक. टायरचा घेर किती हे त्यात आधीच भरलेलं असतं. तुम्ही टायर बदलता, ते मीटरला कुणी सांगत नाही.

उदाहरण घेऊ. गाडीचा मूळ टायर २३५/७५ आर १५ आहे. रुंदी २३५ मिलिमीटर. टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण १७६. ती वर आणि खाली धरून ३५२. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की व्यास होतो ७३३ च्या आसपास. त्या जागी ३१ इंची टायर टाकला तर व्यास ७८७. भागाकार केला की येतात १.०७३.

हा १.०७३ आकडा डॅशबोर्डवर चिकटवून ठेवायच्या लायकीचा आहे. मीटर ८० दाखवत असेल तर गाडी ८६ ने पळतेय. मीटर १,००० किलोमीटर म्हणत असेल तर गाडी १,०७३ चाललीय.

आता ॲव्हरेजचं बघा. समजा आधी गाडी लिटरला ११.५ द्यायची. मोठे टायर टाकल्यावर १,००० किलोमीटरला १०० लिटर डिझेल गेलं. मीटरवरून ॲव्हरेज आलं १०, म्हणजे दीड किलोमीटरने पडलं. पण गाडी खरी चालली १,०७३. म्हणजे खरं ॲव्हरेज १०.७ आणि खरी घट पाऊण किलोमीटर. निम्मी घट जड टायरची होती आणि निम्मी फक्त मीटरची.

यात दोन बारीक गोष्टी आहेत. एक म्हणजे टायरवर छापलेल्या मापावरून काढलेला घेर आणि रस्त्यावरचा घेर एक नसतो. गाडीच्या वजनाने टायर दबतो, झिजतो, हवा कमी-जास्त असते. त्यामुळे क्लेटनचीच पद्धत वापरावी. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी सरळ पाच फेरे ढकला, अंतर टेपने मोजा आणि पाचने भागा. जुन्या टायरचंही तसंच मोजून ठेवलं असेल तर गुणोत्तर पक्कं मिळतं. नसेल तर मोबाईलचा जीपीएस लावून हायवेवर ५० किलोमीटर चालवा आणि ओडोमीटरशी ताडून बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे कंपन्या वेग मुद्दाम थोडा जास्त दाखवतात. युरोपातल्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवणं चालतच नाही. थोडा जास्त दाखवला तर चालतं. त्यामुळे मोठ्या टायरने कधीकधी वेगाचा काटा चुकून बरोबर येतो. ओडोमीटरमध्ये ही जास्तीची सूट सहसा एवढी नसते, म्हणून तो मागे पडतो. मग सर्व्हिसिंग उशिरा होतं, ऑइल बदलायचं राहून जातं. दुरुस्ती दोन प्रकारे होते. नव्या गाड्यांमध्ये काही मॉडेलना सॉफ्टवेअरमधून टायरचं माप बदलून मिळतं. केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरला गिअरबॉक्सकडचं छोटं दातेरी चाक बदलावं लागतं, म्हणजे हार्मनचंच काम.

१,०३१ मैल

जुलै १८४७ मध्ये तुकडी आजच्या सॉल्ट लेक सिटीच्या खोऱ्यात पोहोचली. क्लेटनचं काम मात्र अर्धंच झालं होतं. जातानाच्या पहिल्या तीन आठवड्यांची मापं अंदाजाची होती. त्यामुळे ऑगस्टमध्ये तो परत फिरला, सोबत विल्यम किंगने केलेलं नवं, जास्त मैल मोजणारं यंत्र घेऊन. सगळी वाट उलट्या दिशेने पुन्हा मोजली आणि ऑक्टोबरमध्ये तो विंटर क्वार्टर्सला पोहोचला.

१८४८ मध्ये सेंट लुईसमध्ये त्याची छोटी पुस्तिका छापली गेली. विंटर क्वार्टर्सपासून सॉल्ट लेकपर्यंत अंतर १,०३१ मैल. प्रत्येक ओढा, चढ, झरा, मुक्कामाची जागा. प्रत्येकापुढे आकडे, आधीच्या ठिकाणापासून किती, निघाल्यापासून किती आणि अजून किती बाकी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि १८४९ मध्ये लोंढे सुटले. मॉर्मन पंथाशी काडीचा संबंध नसलेले सोन्यामागचे लोकही ही पुस्तिका खिशात घालून निघाले.

क्लेटन पुढे यूटामध्येच राहिला. सरकारी हिशोब तपासणीस झाला, जनावरांच्या मालकीच्या खुणांची नोंदवही सांभाळली, वाद्यवृंदात वाजवलं. पंथाच्या चालीप्रमाणे त्याने अनेक लग्नं केली, मुलं चाळीसहून जास्त. एवढ्या मोठ्या घराचा गाडा ओढताना पैशाची ओढाताण कायम होती. ४ डिसेंबर १८७९ ला, वयाच्या ६५ व्या वर्षी, तो सॉल्ट लेक सिटीत वारला.