अप्पासाहेब भोसले आणि देवगडचा धडा

सौंसर-पांढुर्ण्याच्या वरच्या अंगाला सातपुड्यात गोंड राजांचा देवगड आज ओस पडला आहे. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांचे चरित्र मी या गडापासून सुरू करतो, कारण भोसल्यांना नागपूर मिळाले ते येथल्या भाऊबंदकीमुळे. १७३९ च्या सुमारास राजा चांद सुलतान वारला. वारसांत तंटा लागला, तेव्हा राणीने वऱ्हाडातून पहिल्या रघूजींना मदतीस बोलावले. पुढे राजपुत्रही आपसांत भांडले आणि मदतीस आलेला पाहुणाच राज्याचा धनी झाला.

अप्पासाहेब हे या रघूजींचे पणतू. मार्च १८१६ मध्ये दुसरे रघूजी निवर्तले. त्यांचे पुत्र परसोजी प्रकृतीने दुर्बल, म्हणून कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबांकडे आला. वाड्यात बाकाबाईंचा पक्ष विरुद्ध होता. त्याला शह देण्यासाठी त्यांनी मे महिन्यात इंग्रजांशी तह केला आणि सालीना साडेसात लाख रुपये खर्चाची तैनाती फौज घरात घेतली. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृत आढळले. हा खून अप्पासाहेबांनी करविला, असा ठपका इंग्रजांनी पुढे त्यांच्यावर ठेवला.

गादी मिळाली, पण सत्ता उरली नव्हती. हे जाणून त्यांनी पेशव्यांची बाजू धरली. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. स्वतः आणलेल्या फौजेनेच त्यांना हरविले. मार्च १८१८ मध्ये ते कैद झाले. प्रयागकडे नेत असता मे महिन्यात शिपायाच्या वेषात निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत शिरले.

तेथे त्यांना आसरा दिला तो गोंडांनी! ज्यांचे राज्य पणजोबांनी घेतले, त्यांचेच जातभाई बैतूल-मुलताईकडे त्यांच्यासाठी लढले आणि मेले. अप्पासाहेब पुढे अशीरगड, लाहोर असे फिरत जोधपूरला गेले व १८४० मध्ये तेथेच वारले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले.

मी दरबारी गवयाचा मुलगा. गादीविषयी ममत्व माझ्या रक्तात आहे. तरीही म्हणावेसे वाटते, की अप्पासाहेब सीताबर्डीवर हरले नाहीत. घरचा तंटा परक्यापुढे नेला, त्याच दिवशी ते हरले होते. देवगडचा धडा भोसल्यांइतका जवळून कोणी पाहिला नव्हता. तो विसरल्याची किंमत मात्र डोंगरातल्या गोंडांनीही मोजली.