डॉ. होमी भाभा : सूक्ष्म कणांचे वजन आणि वडिलांची अट

मी कलाशाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचाच. तरीही वार्षिकांकासाठी मी डॉ. होमी भाभांवर लिहीत आहे. त्याचे कारण शेवटी सांगतो.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका संपन्न पारशी कुटुंबात झाला. घरात मोठा ग्रंथसंग्रह होता. आत्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. १९२७ साली होमी केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी वडिलांची इच्छा. मुलाचे मन मात्र पदार्थविज्ञानात. १९२८ साली त्यांनी पत्र लिहून वडिलांना तसे स्पष्ट कळवले. वडिलांनी अट घातली. आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळवायचा, मग हवे ते शिकायचे. १९३० साली मुलाने पहिला वर्ग मिळवला आणि वडिलांनी शब्द पाळला.

पुढे भाभांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. हे किरण अवकाशातून येऊन हवेवर आदळतात आणि कणांचा पाऊस पडतो. तो कसा पडतो, याचे गणित १९३७ साली भाभा व हाइटलर यांनी मांडले. त्या गणितानुसार इलेक्ट्रॉन जाड शिशाच्या थरात थांबायला हवेत. पण काही कण आरपार जात होते. ते इलेक्ट्रॉनपेक्षा जड असले पाहिजेत, असा निष्कर्ष भाभांनी काढला. अमेरिकेत अँडरसन आणि नेडरमेयर यांनाही त्याच सुमारास असे कण आढळले.

आता प्रश्न असा, की जो कण डोळ्यांना दिसत नाही तो कुठल्या काट्यावर तोलायचा? हे मला आमच्या बोरीच्या खळ्यावरून समजले. तूर बडवून वाऱ्यावर उपणली, की दाणा पायाशी पडतो आणि भुसकट दूर जाते. वारा दोघांना एकच, पण हलके जास्त ढळते. शास्त्रज्ञ वाऱ्याऐवजी चुंबक वापरतात. सारख्या वेगाच्या, सारख्या विद्युत्भाराच्या दोन कणांपैकी हलक्याची वाट जास्त वळते, जडाची कमी. इलेक्ट्रॉन १ ग्रॅमचा मानला, तर प्रोटॉन सुमारे १ किलो ८३६ ग्रॅमचा भरतो. नवा कण सुमारे २०७ ग्रॅमचा, म्हणजे दोघांच्या मधला.

म्हणून त्याला मेसोट्रॉन म्हणू लागले. ग्रीक भाषेत मेसॉस म्हणजे मधला. १९३९ साली भाभांनी सुचवले, की इलेक्ट्रॉन या शब्दातला 'ट्र' त्याच्या मूळ धातूतलाच आहे, मेसॉसमध्ये तो नाही. म्हणून मेसॉन हेच नाव योग्य. शास्त्रज्ञाने शब्दाची व्युत्पत्ती पाहावी, याचा भाषेच्या विद्यार्थ्याला आनंद वाटतो. पुढे १९४७ साली २७३ ग्रॅमच्या हिशेबाचा दुसरा कण सापडला. तो पायॉन. मेसॉन हे नाव त्याच्या कुळाकडे राहिले आणि पहिल्याला म्युऑन म्हणतात.

१९३९ साली भाभा सुटीवर मायदेशी आले. युद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत त्यांनी काम केले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांच्या प्रयत्नाने उभी राहिली. १९५६ साली तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. ते उत्तम चित्रेही काढीत. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून त्यांचा अंत झाला.

आता कारण सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बारावीनंतर मी शेती पाहावी, असे वडिलांचे मत होते. त्यांनीही अट घातली, की पहिल्या वर्षी साठ टक्के मिळाले तरच पुढे शिकायचे. मला अठ्ठावन्न मिळाले. भाभांना जमले ते मला जमले नाही. निकाल सांगितला तेव्हा वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या फीचे पैसे माझ्या हातात ठेवले.

भाभांच्या मागे ग्रंथसंग्रह होता, नातेसंबंध होते. माझ्या मागे चार एकर कोरडवाहू जमीन आहे. पण दोन्ही वडिलांनी आपली इच्छा बाजूला ठेवली. कुणाचा त्याग जड, हे मला तोलता येत नाही. ते दोन टक्के मात्र यंदा भरून काढायचे आहेत.