क्लारा फोल्ट्झ : आरोपीलाही सरकारी खर्चाने वकील हवा, असं सांगणारी स्त्री



आठवीच्या नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्था शिकवायला घेतली की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. चोराला वकील कशाला द्यायचा? आणि त्याच्याकडे पैसे नसतील, तर सरकारने तो खर्च का करायचा? प्रश्न अगदी रास्त आहे. घटनेत तसं लिहिलंय, एवढं सांगून मुलांचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. या प्रश्नासाठी ज्यांनी अर्धं आयुष्य घालवलं, अशा एका वकील बाईंची ओळख आज करून घेऊ या. त्यांचं नाव क्लारा शॉर्टरिज फोल्ट्झ.

लग्न, संसार आणि पाच मुलं

क्लाराचा जन्म १८४९ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. बालपण बरंचसं आयोवा राज्यात गेलं. वडील धर्मोपदेशक होते. मुलगी हुशार, वाचनाची आवड असलेली. पण वयाच्या पंधराव्या वर्षी तिने घरातून पळून जाऊन जेरेमाया फोल्ट्झ नावाच्या तरुणाशी लग्न केलं आणि शिक्षण तिथंच थांबलं. पुढची काही वर्षं पोटापाण्यासाठी फिरण्यात गेली. आधी ओरेगन, मग कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. तोवर पदरात पाच मुलं होती, आणि नवरा त्यांना टाकून निघून गेला.

त्या काळी एकट्या बाईला कमाईचे मार्ग किती होते? शिवणकाम करा, घरी भाडेकरू ठेवा, बस. क्लाराबाईंनी तेही केलं. शिवाय स्त्रियांच्या मताधिकारावर तिकीट लावून व्याख्यानं दिली. बोलण्यात ताकद होती, लोक ऐकायला येत. पण पाच मुलांचं घर व्याख्यानांवर चालत नाही. वकील व्हायचं असं त्यांनी ठरवलं.

कायद्यातले दोन शब्द

आता गंमत बघा. वकील व्हायला अभ्यास लागतो, परीक्षा लागते, हे आपल्याला माहीत असतं. पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात त्याच्याही आधीची एक अट होती. माणूस गोरा हवा आणि पुरुष हवा. म्हणजे बाईने कितीही अभ्यास केला तरी दार बंदच.

क्लाराबाईंनी काय केलं? कायदा बदलण्याचं विधेयक स्वतःच लिहिलं. गोरा आणि पुरुष हे शब्द काढून टाकायचे, एवढाच त्याचा मुद्दा. लॉरा द फोर्स गॉर्डन या मैत्रिणीच्या साथीने त्यांनी आमदारांच्या भेटीगाठी घेतल्या, खेटे घातले, आणि १८७८ मध्ये राज्यपालांची सही मिळवली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी परीक्षा देऊन सनद घेतली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या पहिल्या महिला वकील. मुलांना हा भाग जरूर सांगा. शब्द बदलला की कायदा बदलतो आणि कायदा बदलला की कुणाचं तरी आयुष्य बदलतं, हे यातून छान कळतं.

सनद मिळाली तरी आणखी शिकायची इच्छा होती. सॅन फ्रान्सिस्कोत नुकतंच सुरू झालेलं हेस्टिंग्ज लॉ कॉलेज होतं. तिथं जाऊन बसल्या, तर काही दिवसांत त्यांना बाहेर काढण्यात आलं. बायकांच्या घोळदार झग्यांच्या सळसळीने मुलांचं लक्ष विचलित होतं, असं कारण सांगितलं गेलं! क्लाराबाईंनी कॉलेजवरच खटला भरला आणि १८७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तो जिंकला. पण तोवर पोटासाठी काम सुरू झालं होतं, कॉलेजला जायला ना वेळ होता ना पैसा. त्याच कॉलेजने त्यांना १९९१ मध्ये मरणोत्तर पदवी दिली.

कोर्टात काय दिसलं?

नव्या वकिलाकडे, त्यातही बाईकडे, श्रीमंत अशील कोण येणार? क्लाराबाईंकडे यायचे ते फी न परवडणारे लोक. नवऱ्याने टाकलेल्या बायका, मजूर, गुन्ह्याचा आरोप असलेले गरीब. त्यामुळे फौजदारी कोर्टाचं रोजचं चित्र त्यांनी अगदी जवळून पाहिलं.

ते कसं होतं, हे थोडं सविस्तर बघू या, कारण गोष्टीचा गाभा इथं आहे.

गंभीर गुन्ह्याचा आरोपी न्यायाधीशांसमोर आणला जाई. वकील आहे का, असं त्याला विचारलं जाई. नाही म्हटलं की न्यायाधीश कोर्टात हजर असलेल्या वकिलांवर नजर फिरवत आणि त्यातल्या एकाला काम सोपवत. वकिली हा प्रतिष्ठेचा पेशा, म्हणून गरिबाचा खटला फुकट चालवणं हे वकिलाचं कर्तव्य, अशी समजूत होती. ऐकायला छान वाटतं, नाही का?

प्रत्यक्षात काय व्हायचं? फी नाही. साक्षीदार शोधायला, चौकशी करायला पैसा नाही. तयारीला वेळ नाही. नावाजलेले वकील काहीतरी कारण सांगून सुटका करून घेत. मग काम जाई ते कालपरवा सनद मिळालेल्या, शिकाऊ वकिलाकडे. त्याचा हात बसायचा, पण गरीब माणूस तुरुंगात जायचा. नाहीतर कोर्टाच्या आवारात घुटमळणाऱ्या अशा वकिलाकडे, जो आरोपीच्या बायकोकडून, आईकडून उरलेसुरले पैसेही काढून घेई.

आणि समोरच्या बाजूला? तिथं सरकारी वकील. पगारी, अनुभवी, पोलीस दिमतीला, कचेरी हाताशी. कागदावर त्यानं न्याय बघायचा. पण किती जणांना शिक्षा झाली यावर त्याचं नाव होत असे, त्यामुळे खटला जिंकण्याकडेच त्याचा कल राही.

एका बाजूला तयारीचा पैलवान, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरून धरून आणलेला पोरगा. या कुस्तीला न्याय कसं म्हणायचं?

शिकागोची सभा

१८९३ मध्ये शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. आपल्याला ते स्वामी विवेकानंदांमुळे माहीत आहे, कारण सर्वधर्मपरिषद तिथलीच. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने कायदा सुधारणेचीही परिषद झाली होती, आणि तिच्यात क्लारा फोल्ट्झ बोलल्या. विषय होता, आरोपीसाठी सरकारी बचाव वकील.

त्यांचा मुद्दा सरळ होता. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, असं कायदाच म्हणतो ना? मग त्या निर्दोष माणसाविरुद्ध सरकार जेवढी ताकद लावतं, तेवढी त्याच्या बचावासाठीही लावायला हवी. सरकार एकाला पगार देऊन आरोप करायला लावतं, तर दुसऱ्याला पगार देऊन बचावही करायला लावावं. निर्दोष सुटलेल्या माणसाचीसुद्धा नोकरी गेलेली असते, साठवलेला पैसा संपलेला असतो, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून गरिबाचा बचाव वकिलांच्या दयेवर सोडायचा नाही, तो न्यायदानाचाच खर्च मानायचा.

क्लाराबाई भाषण करून थांबल्या नाहीत. त्यांनी विधेयकाचा मसुदा तयार केला, कायद्याच्या नियतकालिकांत लेख लिहिले, आणि १८९७ च्या सुमारास तो मसुदा अनेक राज्यांच्या विधिमंडळांत मांडला जाईल अशी खटपट केली. कॅलिफोर्नियातही तो तेव्हा मंजूर झाला नाही.

लॉस एंजेलिस, १९१४

पुढे त्या लॉस एंजेलिसला राहायला गेल्या. १९१० मध्ये तिथं त्यांची सहायक सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. हे काम करणाऱ्या तिथल्या त्या पहिल्या महिला. म्हणजे त्यांनी कोर्टाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला, त्या लढ्यातही त्या होत्या.

जानेवारी १९१४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, अमेरिकेतलं पहिलं सरकारी बचाव वकिलांचं कार्यालय सुरू झालं. शिकागोच्या सभेला तोवर वीस वर्षं झाली होती. १९२१ मध्ये राज्यभरातल्या काउंट्यांना असं कार्यालय काढता येईल, असा कायदा झाला.

इथं मोठ्या मुलांशी चर्चा करता येईल असा एक मुद्दा आहे. त्या पहिल्या कार्यालयाचे प्रमुख वॉल्टन वुड यांचा भर कोर्टाशी सहकार्य करण्यावर होता. उगाच वेळ काढायचा नाही, तांत्रिक हरकती घ्यायच्या नाहीत, खर्च वाचवायचा. क्लाराबाईंच्या मनातला बचाव वकील मात्र सरकारी वकिलाला तोडीस तोड लढणारा होता. कोर्टाचं काम सुरळीत चालायला सहकार्य लागतंच. पण सहकार्य करता करता आरोपीची बाजूच मऊ पडली, तर कार्यालय असून काय उपयोग? ही ओढाताण आजही संपलेली नाही.

बार असोसिएशन कुठे येते?

वकिलांच्या संघटनेला आपण बार असोसिएशन म्हणतो. सरकारी कार्यालय झालं म्हणून तिचं काम संपलं का? नाही. समजा, एकाच चोरीत दोघांना पकडलं आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवताहेत. एकच कार्यालय दोघांची बाजू कशी मांडणार? अशा वेळी दुसऱ्या आरोपीला बाहेरचा वकील द्यावा लागतो. लॉस एंजेलिसमध्ये काउंटी बार असोसिएशन यासाठी वकिलांची यादी सांभाळते. वकिलाचा अनुभव, पात्रता बघून नाव यादीत जातं, कोर्ट त्या यादीतून नेमणूक करतं आणि मोबदला सरकारी तिजोरीतून मिळतो. हजर असेल त्याला धरायचं, ही जुनी पद्धत अशी मोडली.

१९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गिडियन खटल्यात ठरवलं की, गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला वकील देणं सगळ्या राज्यांवर बंधनकारक आहे. हे बघायला क्लाराबाई नव्हत्या. १९३० मध्ये, ऐंशी वर्षांच्या असताना, त्यांनी राज्यपालपदासाठी उमेदवारीही करून पाहिली होती. १९३४ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांचं निधन झालं. २००२ पासून तिथल्या मुख्य फौजदारी न्यायालयाच्या इमारतीला त्यांचं नाव आहे.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे स्त्रियांना वकिलीचं दार १९२३ च्या कायद्याने उघडलं. त्यासाठी झगडणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी मूळच्या नाशिकच्या, हे मुलांना सांगायला विसरू नका.

गरिबांना मोफत कायदेशीर मदत मिळावी, हे तत्त्व ४२ व्या दुरुस्तीने घटनेच्या कलम ३९-अ मध्ये आलं. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला अपिलासाठी वकील देणं ही सरकारची जबाबदारी मानली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. २०२२ पासून बऱ्याच जिल्ह्यांत फक्त बचावाचंच काम करणारे पूर्णवेळ वकील नेमायची पद्धत सुरू झाली आहे. क्लाराबाईंच्या कल्पनेची ही आपल्याकडची भावंडंच म्हणा ना!

पालकांनो, ही माहिती पाठापुरती ठेवू नका. वेळ सांगून येत नाही. वस्तीत, नात्यात कुणाला गरज पडली, तर कुठे जायचं हे आपल्याला ठाऊक हवं.

वर्गात काय घेता येईल?

१. वर्गात हरवलेल्या वहीचा खोटा खटला भरवा. पहिल्यांदा फक्त आरोप करणाऱ्याला वकील द्या. दुसऱ्यांदा दोघांनाही द्या, तयारीला सारखा वेळ द्या. दोन्ही निकाल फळ्यावर लिहा आणि फरक का पडला ते मुलांनाच सांगू द्या.

२. कायद्यातला किंवा शाळेच्या नियमातला एखादा शब्द बदलला तर काय बदलेल, यावर पाच ओळी लिहायला सांगा.

३. आपल्या तालुक्याचं, जिल्ह्याचं विधी सेवा कार्यालय कुठे आहे, ते मुलांना घरच्यांच्या मदतीने शोधू द्या.

मग चोराला वकील कशाला, असं कुणी विचारलं, तर त्यालाच विचारा : तो चोर आहे, हे अजून कुणी ठरवलं? ते ठरवण्यासाठीच तर कोर्ट आहे, आणि दोन्ही बाजू नीट ऐकल्याशिवाय ते ठरवता येत नाही.