एमिली द्यू शातले

एमिली द्यू शातले (१७ डिसेंबर १७०६ – १० सप्टेंबर १७४९) या फ्रेंच तत्त्वचिंतक, गणितज्ञ व भौतिकीच्या अभ्यासक होत्या. न्यूटन यांच्या 'प्रिन्सिपिया' या लॅटिन ग्रंथाचा त्यांनी केलेला सटीक अनुवाद आजही फ्रेंच भाषेतील प्रमाण अनुवाद मानला जातो. त्यांचे नाव दीर्घकाळ व्होल्तेर यांच्या सहचारिणी म्हणूनच घेतले जाई. त्यांच्या स्वतंत्र तत्त्वचिंतनाकडे अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा वळले.

बालपण व विवाह

त्यांचा जन्म पॅरिस येथे झाला. वडील बॅरन द ब्रतय हे चौदाव्या लुईच्या दरबारात परदेशी राजदूतांच्या स्वागताचे अधिकारी होते. विज्ञानलेखक फोंतनेल यांची या घरी ये-जा असे. १७२५ मध्ये एमिली यांचा विवाह मार्की द्यू शातले या लष्करी अधिकाऱ्याशी झाला. त्यांना तीन अपत्ये झाली. त्यांपैकी धाकटा मुलगा तान्हेपणीच वारला. पुढे मोपेर्त्वी आणि क्लेरो या नामवंत गणितज्ञांकडून त्यांनी गणिताचे धडे घेतले. त्या काळी फ्रान्समधील विद्यापीठे व विज्ञान अकादमी यांची दारे स्त्रियांना बंद होती, त्यामुळे खासगी शिकवणी हाच मार्ग उरे. आणि तोही धनिक घरातील स्त्रीलाच परवडणारा होता.

सिरे येथील वास्तव्य

१७३३ मध्ये व्होल्तेर यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. व्होल्तेर यांच्यावर अटकेचे संकट आल्यावर शातले घराण्याच्या सिरे येथील वाड्यात दोघांनी ग्रंथालय व प्रयोगशाळा उभी केली. न्यूटनच्या विचारांची ओळख करून देणारे व्होल्तेर यांचे पुस्तक १७३८ मध्ये निघाले. त्यातील एमिली यांचा वाटा स्वतः व्होल्तेर यांनीच मान्य केला होता.

पॅरिसच्या अकादमीने अग्नीच्या स्वरूपावर निबंधस्पर्धा जाहीर केली, तेव्हा व्होल्तेर यांनी निबंध लिहावयास घेतला. एमिली यांना त्यांचे निष्कर्ष पटेनात. म्हणून त्यांनी, व्होल्तेर यांनाही कळू न देता, रात्री जागून आपला वेगळा निबंध लिहिला व निनावी पाठविला. पारितोषिक ऑयलर यांच्यासह तिघांत विभागले गेले. मात्र १७३९ मध्ये अकादमीने एमिली यांचाही निबंध छापला. ज्या संस्थेत त्यांना सभासदत्व मिळणे शक्य नव्हते, तिनेच तो प्रसिद्ध करावा, हे विशेष होय.

भौतिकीची मूलतत्त्वे

त्यांचा प्रमुख स्वतंत्र ग्रंथ म्हणजे १७४० मध्ये निनावी प्रसिद्ध झालेला 'ऐंस्तित्युस्यों द फिझिक' (भौतिकीची मूलतत्त्वे). तो आपल्या मुलाच्या शिक्षणासाठी लिहिल्याचे त्यांनी प्रस्तावनेत म्हटले आहे. परंतु ग्रंथाची झेप पाठ्यपुस्तकाच्या फार पुढे जाते. न्यूटनच्या भौतिकीला तात्त्विक पाया हवा असे त्यांचे मत होते, आणि तो त्यांनी लाइब्निट्स यांच्या पर्याप्त कारणाच्या तत्त्वात शोधला. फ्रान्समध्ये न्यूटनवादी आणि लाइब्निट्सवादी एकमेकांचे तोंड पाहत नसताना हे धाडसच होते.

ग्रंथातील गृहीतकांवरील प्रकरण आजच्या वाचकालाही ताजे वाटते. न्यूटनचे अनुयायी गृहीतकांना थारा देत नसत. एमिली यांनी दाखवून दिले की, गृहीतकांवाचून खगोलशास्त्राची प्रगतीच झाली नसती. मात्र एखादा अनुकूल प्रयोग गृहीतक स्वीकारण्यास पुरेसा नसतो, तर एक प्रतिकूल प्रयोग ते टाकून देण्यास पुरतो. अनुकूल पुराव्याने केवळ संभाव्यता वाढत जाते.

शेवटच्या प्रकरणात गतिमान वस्तूच्या बलाचे माप कोणते, या वादात त्यांनी लाइब्निट्स यांची बाजू घेतली. मऊ मातीवर गोळा टाकला असता, वेग दुप्पट झाल्यास खड्डा दुप्पट न होता चौपट होतो, हा डच शास्त्रज्ञ स्ख्राव्हसांड यांचा प्रयोग याच मताला बळकटी देणारा होता. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या मापातूनच पुढे गतिज ऊर्जेची संकल्पना आकारास आली.

ग्रंथकर्तृत्वाचा वाद

ग्रंथ बाहेर पडतो न पडतो तोच, त्यांना काही काळ शिकविणारे सॅम्युएल कोनिग यांनी तो आपल्याच धड्यांवरून उतरविल्याचा बोभाटा केला. वस्तुतः कोनिग सिरेला येण्यापूर्वी, १७३८ मध्येच, ग्रंथाचे हस्तलिखित छपाईच्या परवानगीसाठी सादर झाले होते. नंतर बदलली ती मुख्यतः तत्त्वमीमांसेची प्रारंभीची प्रकरणे. १७४१ मध्ये अकादमीचे सचिव दोर्तू द मेराँ यांनी बलाच्या मापाविषयी त्यांच्याविरुद्ध जाहीर पत्र छापले. एमिली यांनी काही आठवड्यांतच स्वतःच्या नावाने मुद्देसूद उत्तर दिले. १७४२ च्या आवृत्तीवर त्यांचे नाव व चित्र झळकले. १७४३ मध्ये जर्मन व इटालियन अनुवाद निघाले. १७४६ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या अकादमीने त्यांना सभासद करून घेतले.

प्रिन्सिपियाचा अनुवाद व मृत्यू

१७४५ च्या सुमारास त्यांनी प्रिन्सिपियाचा अनुवाद हाती घेतला. न्यूटनच्या भूमितीय सिद्धता त्यांनी भाष्यात कलनशास्त्राच्या नव्या भाषेत उलगडल्या. १७४९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कवी सें-लांबेर यांच्यापासून त्यांना दिवस गेले. या बाळंतपणातून आपण वाचणार नाही अशी धास्ती त्यांच्या मनात होती, म्हणून त्यांनी कामाचे तास वाढविले. हस्तलिखित पॅरिसच्या राजग्रंथालयाकडे पाठवून त्याची नोंद करून घेण्याची विनंती केली. ४ सप्टेंबर रोजी ल्युनेव्हिल येथे त्यांना मुलगी झाली. सहाव्या दिवशी त्यांचे निधन झाले. ती मुलगीही जगली नाही. अनुवाद क्लेरो यांच्या देखरेखीखाली १७५९ मध्ये पूर्ण स्वरूपात निघाला. हॅलेचा धूमकेतू भाकिताप्रमाणे परतला, तेच हे वर्ष.

स्त्रीशिक्षणविषयक विचार

स्त्रीवाद हा शब्द त्या काळी नव्हता, पण विचार होता. १७३५ मध्ये मँडेव्हिल यांच्या 'द फेबल ऑफ द बीज' या इंग्रजी ग्रंथाचा अनुवाद करताना त्यांनी प्रस्तावनेत प्रश्न उपस्थित केला की, स्त्रियांची बुद्धी पुरुषांच्या तोडीची असूनही त्यांच्या हातून श्रेष्ठ नाटक, काव्य वा भौतिकीचा ग्रंथ का घडला नाही? कारण त्यांनी निसर्गात न शोधता शिक्षणाच्या अभावात शोधले. सत्ता हाती असती तर अर्ध्या मानवजातीला ज्ञानापासून तोडणारी ही रीत आपण मोडली असती, असा त्यांचा आशय होता. तो अनुवाद त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. व्होल्तेर यांच्या ग्रंथसंग्रहाबरोबर त्यांची काही हस्तलिखिते रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्याकडे सेंट पीटर्सबर्गला गेली होती. ही प्रस्तावना त्यांतूनच १९४७ मध्ये प्रथम छापली गेली.