मुसव्विर जंग राजा दीनदयाळ

हैदराबादच्या निजामाचे राज्य १९४८ साली भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत त्याचे तीन वाटे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे गेले व तेलंगण आंध्राला जोडले गेले. बोथ, बाजारहत्नूर यांसारखी आदिलाबाद जिल्ह्यातील गावे, जेथे मराठी आणि तेलुगू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत, ती तेलंगणाच्या बाजूस राहिली. राज्य गेले, सरहद्दी बदलल्या. परंतु त्या राज्याचे डोळ्यांना दिसणारे रूप काचांवर उमटून मागे राहिले. ते ज्यांनी उमटविले, त्या राजा दीनदयाळ यांचे चरित्र म्हणूनच या साऱ्या प्रदेशाच्या वाचकास आपले वाटावे असे आहे.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळील सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन स्थापत्य महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८६६ साली ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. अंदाजपत्रके करणे व नकाशे काढणे हे त्यांचे काम. पुढील आयुष्यातील त्यांच्या कलेचा पाया या रूक्ष वाटणाऱ्या कामातच घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. इमारतीचा तोल, खांबांची लय, उंची आणि रुंदी यांचे प्रमाण हे सारे नकाशा काढणाऱ्या हाताला आधी कळते. दीनदयाळांनी टिपलेल्या वास्तूंच्या छायाचित्रांत एकही उभी रेषा कललेली दिसू नये अशी जी दक्षता आढळते, तिचे मूळ येथे आहे.

१८७४ च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले. त्या काळी हे शास्त्र हौसेचे असले तरी सुखाचे नव्हते. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ती बुडवावयाची आणि ती ओली असतानाच चित्र घेऊन लगोलग धुवावयाची, अशी ती ओली पद्धत होती. बाहेरगावी जावयाचे म्हणजे जड कॅमेरा, तिकाटणे, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारखोलीचा तंबू हे सारे बैलगाडीवर लादून न्यावे लागे. मध्य भारतातील उन्हाळ्यात काच वाळण्यास काही क्षण पुरत. एवढी यातायात करणाऱ्या या नोकरदार तरुणास इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा आश्रय लाभला. मध्य भारतातील ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डॅली यांनीही त्यांना उत्तेजन दिले. उत्तरेकडून आलेल्या या कलावंताची पहिली उमेद एका मराठी संस्थानात बहरली, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज भारतभेटीस आले असता दीनदयाळांनी त्या दौऱ्याची छायाचित्रे घेतली. डॅली यांच्यानंतर आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ च्या सुमारास ते बुंदेलखंडात हिंडले. ग्वाल्हेर, ओरछा, दतिया, खजुराहो अशा ठिकाणच्या प्राचीन वास्तूंच्या त्यांच्या छायाचित्रांचा संग्रह ग्रिफिन यांनी १८८६ साली प्रसिद्ध केला. याच सुमारास त्यांनी सरकारी नोकरीचा निरोप घेतला. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांची आपले छायाचित्रकार म्हणून नियुक्ती केली. पेन्शनीची वाट सोडून काचा आणि रसायने यांच्या भरवशावर प्रपंच उभा करणे हे त्या काळातील मध्यमवर्गीय गृहस्थाच्या दृष्टीने मोठेच धाडस होते.

दैवाने त्यांना हैदराबादेस आणले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या हाती राज्याची सूत्रे १८८४ साली पूर्णपणे आली होती. तरुण राजा, संपन्न दरबार आणि सतत येणारे परदेशी पाहुणे अशा वातावरणात दीनदयाळ दरबारी छायाचित्रकार झाले. १८८६ साली सिकंदराबादेत त्यांची चित्रशाळा निघाली, तर १८९६ साली मुंबईतही शाखा उघडली गेली. राणी व्हिक्टोरियाकडूनही त्यांना राजमान्यतेची सनद मिळाली. १८९४ साली निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार आणि जंग म्हणजे युद्ध. तलवार गाजविणाऱ्या सरदारांच्या पंक्तीस कॅमेरा चालविणारा माणूस बसविला गेला, हे त्या किताबातच नोंदले गेले आहे.

त्यांच्या कलेचे मर्म पाहू गेल्यास ते प्रकाशाच्या व्यवस्थेत आहे. आज छायाचित्रकाराजवळ कॅमेऱ्यापासून दूर, हव्या त्या कोनात उभा करता येणारा विजेचा फ्लॅश असतो. त्याच्या जोडीस प्रकाश मऊ करणारी पांढरी छत्री आणि तारेविना तो पेटविणारे यंत्रही असते. दीनदयाळांच्या उमेदीच्या काळात यांतील काहीही नव्हते. मॅग्नेशियमची तार जाळून उजेड पाडण्याची युक्ती १८६० नंतर माहीत झाली होती. १८८७ साली जर्मनीत गेडिके आणि मीथे यांनी मॅग्नेशियममध्ये पोटॅशियम क्लोरेट इत्यादी द्रव्ये मिसळून क्षणात भडकणारी भुकटी सिद्ध केली. कॅमेऱ्याच्या बाजूस धरलेल्या पात्रात ती पेटवली की डोळे दिपविणारा लोळ उठे. पण त्याबरोबर धुराचे लोट निघत, पांढरी राख खोलीभर पसरे आणि प्रसंगी स्फोट होऊन माणसे भाजतही. काचेच्या गोळ्यात बंद केलेला सुरक्षित फ्लॅश बल्ब यावयास १९२९ हे साल उजाडावे लागले. राजवाड्यातील झुंबरांखाली आणि गालिच्यांवर असा भडका उडविणे किती अवघड होते, हे सांगावयास नको.

तेव्हा सूर्य हाच मुख्य दिवा होता. त्या काळच्या चित्रशाळांना उत्तरेकडून काचेचे छत वा तावदाने ठेवीत, कारण उत्तरेचा प्रकाश दिवसभर सम राहतो. पडदे सरकवून तो कमी-अधिक करीत. चेहऱ्याच्या ज्या बाजूस सावली दाट होई तेथे पांढरा पडदा उभा करून परतलेल्या उजेडाने ती फिकी करीत. तत्कालीन काचांना निळा रंग फार लवकर कळे आणि तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे आकाश पांढरे फटफटीत आणि सावळी कांती वाजवीहून काळी उमटण्याचा धोका असे. हिऱ्यामोत्यांचे अलंकार, जरीचे अंगरखे आणि सावळे चेहरे या तिन्हींना एकाच काचेवर न्याय देणे ही खरी कसोटी होती. दीनदयाळांच्या व्यक्तिचित्रांत मोत्याचे पाणी आणि डोळ्यांतील भाव दोन्ही शाबूत राहतात, यातच त्यांचे प्रभुत्व दिसून येते. शुष्क जिलेटिनच्या तयार काचा मिळू लागल्यावर त्यांचे काम सुकर झाले, तरी प्रकाश ओळखण्याची दृष्टी विकत मिळणारी नव्हती.

१८९२ साली त्यांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा उघडली. तिचे काम केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे सोपविले होते आणि आतील दृश्य बाहेरून दिसू नये असा कडेकोट बंदोबस्त होता. पडदानशीन स्त्रीचा चेहरा परपुरुषाने पाहणे निषिद्ध मानले जाणाऱ्या समाजात, त्या स्त्रीचेही चित्र निघावे आणि तिच्या घरी जपले जावे, ही कल्पना धंद्याच्या हिशेबाची असेलही. पण तिचे मोल त्या हिशेबापलीकडचे आहे.

राजाश्रयाने त्यांना वैभव दिले, तसे बंधनही घातले. दरबार, शिकारी, मेजवान्या आणि राजवाड्यांची दालने हेच विषय प्रायः त्यांच्या वाट्यास आले. १९०२ साली लॉर्ड कर्झन वरंगळच्या मुलखात शिकारीस आले, तेव्हाच्या चित्रात मारलेला वाघ आणि रुबाबात उभे असलेले व्हाइसरॉय हेच दिसतात. जंगलात हाकारा करणाऱ्यांची नावे त्या चित्राखाली नाहीत. तथापि हे चरित्र एवढ्यावरच संपविणे अन्यायाचे होईल.

विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, मराठवाड्यासह पश्चिम व मध्य भारतावर भीषण दुष्काळ कोसळला. औरंगाबाद जिल्ह्यातील मदतकार्याची छायाचित्रे निजाम सरकारसाठी दीनदयाळ यांच्या संस्थेने घेतली. सरकार रयतेसाठी काय करीत आहे हे दाखविणे हा त्या संग्रहाचा हेतू उघड आहे. परंतु कॅमेऱ्यासमोर ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांच्या हाडांची मोजदाद कोणत्याही हेतूने झाकता येत नाही. या चित्रांत ना मोती आहेत ना जरी. उघडे आकाश आणि तोच निर्दय, सर्वांवर सारखा पडणारा उन्हाचा उजेड आहे. वेरूळच्या कैलासाचे शिल्प ज्या निष्ठेने त्यांनी टिपले, त्याच निष्ठेने याच जिल्ह्यातील उपाशी शेतकरीही टिपला गेला. मराठवाड्यातील ज्या कुटुंबांच्या पूर्वजांचे एकही चित्र कोणी काढले नसते, त्यांची मुद्रा या काचांमुळे इतिहासात शिल्लक राहिली.

जुलै १९०५ मध्ये राजा दीनदयाळ यांचे निधन झाले. त्याच वर्षी आदिलाबादला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. पुत्र ग्यानचंद यांनी व्यवसाय पुढे चालविला. पण सातव्या निजामांच्या काळात पूर्वीचे वैभव ओसरले. पुढील पिढ्यांनी मात्र काचा फुटू दिल्या नाहीत की भंगारात घातल्या नाहीत. हे काम दिसते तेवढे सोपे नाही. काच जड असते, ठिसूळ असते. दमट हवेत तिच्यावरील थर सुटतो, बुरशी धरतो आणि एकदा नाहीसे झालेले चित्र पुन्हा येत नाही. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने कुटुंबीयांकडून २,८५७ काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या. २००६ साली भारतीय डाक खात्याने दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

किताब देणारे दरबार आज उरलेले नाहीत आणि मुसव्विर जंग या शब्दांचा अर्थही सांगावा लागतो. उरले आहे ते काचेवरील चांदीच्या कणांत धरून ठेवलेले ऊन, आणि ते उरले याचे श्रेय जितके टिपणाऱ्याचे तितकेच, पाऊणशे-ऐंशी वर्षे ओझे न मानता त्या पेट्या सांभाळणाऱ्यांचेही आहे. जुने कागद, जुनी पुस्तके आणि जुनी चित्रे शंभर-शंभर वर्षे उराशी धरणाऱ्या संस्थांना व त्यांच्या आश्रयदात्यांना या कामाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.